चौथी जागा

जामसंड्यात दीपिकाला लोक ‘कम्प्युटरवाली’ म्हणत. कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाच्या मोबाइलमधले लग्नाचे फोटो उडाले, की माणूस थेट तिच्या घराच्या पायऱ्या चढायचा. तिने पुण्यात आठ वर्षं कंपायलर लिहिले होते, हे सांगून काही उपयोग नव्हता. एकदा आईला तिने समजावून पाहिलं. माणसाने लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्राम, त्याला कंपायलर म्हणतात. सत्यवतीबाईंनी तांदूळ निवडता निवडता शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे दुभाषी. मगे तसा सांग ना.” त्या दिवसापासून आईच्या लेखी लेक दुभाष्याची नोकरी करत होती. तिच्या पुण्याच्या मॅनेजरलाही ते काम इतक्या थोडक्यात कधी सांगता आलं नव्हतं.

कोविडनंतर कंपनीने घरून काम करा म्हटलं, तेव्हा दीपिका लॅपटॉप घेऊन गावी आली ती आलीच. माडीवरच्या खोलीत तिने टेबल मांडलं. खिडकीतून हापूसच्या बागा दिसायच्या, बागांभोवतीचे चिऱ्यांचे गडगे दिसायचे, लांब पठारावर सावकाश फिरणाऱ्या पवनचक्क्या आणि त्यांच्या पलीकडे समुद्राची एक पट्टी. दुपारी जेवणं झाली की सगळा गाव निजायचा. मग पवनचक्क्यांची पाती तेवढी फिरत राहायची, आणि त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं की आपण जागे आहोत की नाही हेच कळेनासं व्हायचं.

तिचे वडील दत्ताराम देवगड बंदरात ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या शब्दावर चालायची. आणि धाकटा भाऊ ओमकार. तो तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्याच्या जन्मानंतर आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती, त्यामुळे पोर वाढलं ते दीपिकाच्या कडेवर. त्याला पहिला घास तिने भरवला, आणि पहिला दात आल्यावर त्यानेही चावा घेतला तो तिलाच. गेल्या वर्षी या पठ्ठ्याने कणकवलीचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि बापाच्या बोटीवर खलाशी म्हणून चढला. दीपिका आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने डबी करायला घेतली.

डबी मच्छीमार सोसायटीसाठी केली, असं ती सगळ्यांना सांगायची. ते खोटं होतं. डबी तिने ओमकारसाठी केली होती. तो पाण्यावर असेल तेव्हा कुठे आहे एवढं आपल्याला कळावं, याखेरीज तिला काही नको होतं. साबणाच्या वडीएवढी ती डबी बोटीच्या केबिनवर बसवायची. दर पंधरा मिनिटांनी ती किनाऱ्याला हाक मारायची: बोटीचा नंबर, आणि बोट कुठे आहे ते सांगणारे दोन आकडे. सोसायटीच्या गच्चीवरचा अँटेना ती हाक पकडायचा आणि आकडे दीपिकाच्या लॅपटॉपवर उमटायचे. पाच बोटींनी डब्या घेतल्या. आत वापरलेली चिप इतकी स्वस्तातली होती की तिला धड कंपायलरही मिळेना. दीपिकाने स्वतःच एक छोटासा लिहिला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तिचे पुण्यातले साहेब तिला फोनवर म्हणालेसुद्धा.

आता इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रोग्राम म्हणजे लहान लहान कामांचा गोतावळा. एक काम दुसऱ्याला बोलावतं, तेव्हा त्याला लागणारं सामान देऊन ठेवावं लागतं. चांगल्या चिपमध्ये हे सामान ठेवायला खिसे असतात. या चिपला खिसेच नव्हते म्हटलं तरी चालेल, मग सगळं चळतीवर ठेवायचं. जेटीवर बोट भरतात ना, अगदी तसं. माणसं ओळीने उभी राहतात आणि सामान हातोहात पुढे जातं. समुद्रात जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं, म्हणजे ते वर राहतं. पुढचा माणूस मागे वळून बघत नाही. तो नुसता हात मागे करतो, आणि वस्तू हातात येते. देणाऱ्याने किती ठेवायच्या आणि घेणाऱ्याने किती उचलायच्या, हे दोघांचं जमवून देणं कंपायलरचं काम. घेणारा स्वतः काही विचारत नाही. पहिल्या जागी, दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी हात घालतो आणि जे लागेल ते आपलंच समजून घेतो. समजा देणाऱ्याने तीनच वस्तू ठेवल्या आणि घेणाऱ्याने चौथ्या जागीही हात घातला, तर हात रिकामा येत नाही. तिथे कुणाचं तरी आधीचं काहीतरी पडलेलं असतंच. चळत कधी कुणी पुसून ठेवत नाही.

दीपिकाच्या हातून नेमकी हीच चूक झाली, आणि तीही बापाचा मान राखायला जाऊन.

पहिल्यांदा डबीच्या हाकेत चार गोष्टी होत्या. चौथी म्हणजे बोटीवर माणसं किती. त्यासाठी डबीला एक बटण होतं, जितकी माणसं तितक्यांदा दाबायचं. दत्तारामांनी डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“ह्या बटन कित्याक?”

“किती माणसां चढली ती कळाक, बाबा.”

“काढ ता.”

“पण काय झाला तर...”

“बर्फ मोज, डिझेल मोज. माणसां मोजूची नायत गो. मोजली काय दर्याक आकडो कळता.”

बाकीचे चार तांडेलही तेच म्हणाले. गाव करी ते राव न करी! दीपिकाने बटण काढलं, आणि प्रोग्रामच्या ज्या भागातून सामान दिलं जातं तिथून चौथी वस्तू काढून टाकली. हाक मारणारा भाग वेगळ्या फाइलमध्ये होता. नारळी पौर्णिमा उलटून गेली होती, बोटी निघायच्या घाईत होत्या, आणि ती दुसरी फाइल तशीच राहिली. दोन फाइलींचं आपसांत जमतंय का हे तपासायची अक्कल तिने आपल्या कंपायलरला अजून दिलेली नव्हती. त्यामुळे पाचही बोटींवर देणारा तीन गोष्टी देत होता आणि घेणारा चार उचलत होता.

पहिल्याच दिवशी लॅपटॉपवर चार रकाने उमटले, तेव्हा चूक तिच्या लगेच लक्षात आली. ती स्वतःशीच हसली. पाच डब्या, पाच चौथे आकडे: सात, पाच, सहा, सहा, चार. रविवारी बसून दुरुस्त करू म्हणून तिने चहा घेतला. चहा अर्धा झाल्यावर ती थांबली. चळतीतला केर असा नसतो. केर म्हणजे लाखांतले आकडे, नाहीतर शून्य. हे आकडे फार शहाण्यासारखे दिसत होते.

ओमकारला ती रोज पहाटे स्कूटरवरून बंदरात सोडायची. दुसऱ्या दिवशी तिने जेटीवर उभं राहून पाचही बोटींवर चढणारी माणसं मोजली. मनातल्या मनात. मनात मोजलेलं दर्याला कुठून कळायला! बाबांच्या बोटीवर सात. सुदेश तांडेलाच्या बोटीवर सहा. घरी येऊन पाहिलं तर लॅपटॉपवरही सातच आणि सहाच. कुणी सांगितलेलं नसताना.

आता दीपिका काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. तिने दोन दिवस प्रोग्राम ओळीओळीने तपासला. सहावी डबी तिच्या टेबलावर होती, ती चालू करून पाहिली. चौथ्या जागी शून्य. पुन्हा पाहिलं, शून्य. डबी अंगणात नेली, गच्चीवर नेली, बादलीभर पाण्यात फळकुट तरंगवून त्यावर ठेवली. आई दारात उभी राहून बघत होती. शून्य ते शून्यच.

मग एक दिवस सुदेशच्या बोटीवर सहा माणसं चढलेली तिने डोळ्यांनी पाहिली, आणि घरी आली तर आकडा पाच. सकाळच्या पहिल्या हाकेपासून पाच. चला, चुकलं एकदाचं, म्हणून तिला बरंच वाटलं. संध्याकाळी बोट लागली तेव्हा खाली पाच जण उतरले. सहाव्याची दाढ भर समुद्रात ठणकायला लागली होती. त्याला दुपारी मालवणला उतरवलं होतं, तो एसटीने येणार होता.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, चार माणसांच्या बोटीचा आकडा पहाटेपासून पाच होता. दिवस मावळताना ती बोट एक पाचवा माणूस घेऊन आली. आचऱ्यासमोर त्याची होडी उलटली होती, आणि तो उलट्या होडीला धरून बसलेला यांना सापडला. होडी उलटली दुपारी बाराला. पहाटे सहाला, आकडा पहिल्यांदा पाच झाला तेव्हा, तो बिचारा आपल्या घरी दात घासत असणार.

म्हणजे तो आकडा चढलेल्यांचा नव्हता. परत येणाऱ्यांचा होता.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला आणि काय? रविवार आला आणि गेला, तिने चूक दुरुस्त केली नाही. पुढचाही रविवार गेला. तिला ते आवडायला लागलं होतं. पहाटे ओमकारला सोडून यायचं, लॅपटॉप उघडायचा, बाबांच्या बोटीपुढे ‘सात’ वाचायचं आणि मग निवांत चहा प्यायचा. जगात असं किती जणींच्या नशिबी असतं? ज्यांचे नवरे, बाप, भाऊ पाण्यावर जातात त्या दिवसभर देवाला हात जोडून बसतात. हिला उत्तर सकाळीच मिळायचं. ते कोण देतं, हा प्रश्न ती हळूहळू विसरली.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. ऑक्टोबरचा उकाडा, आणि हवेत पांढरट धूर साचल्यासारखं झालेलं. त्या दिवशी पुण्याची मीटिंग सकाळी लवकर होती, ती लांबत गेली, आणि तिचं बघायचं राहून गेलं. जेवण झालं. आई खाली चटईवर आडवी झाली. पवनचक्क्या थांबल्या होत्या. समुद्राची पट्टी आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसून गेली होती, आणि दूरवर एक बोट आभाळातच उभी असल्यासारखी दिसत होती. दीपिकाच्या पापण्या जड झाल्या. डुलकी घेण्याआधी एकदा पाहावं म्हणून तिने लॅपटॉप उघडला.

बाबांच्या बोटीपुढे सहा.

पहिल्या हाकेपासून सहा. सव्वासहाला, साडेसहाला, सात वाजता, आठ वाजता, दुपारी एकला. सगळीकडे सहा. पहाटे तिने सात जण चढलेले पाहिले होते. सगळ्यात शेवटी ओमकार. फळीवरून उडी मारून.

बोट किनाऱ्यापासून वीस मैलांवर होती. तिथे मोबाइल लागत नाही. दीपिकाने लॅपटॉप काखेत मारला आणि स्कूटर काढली. बंदरात सोसायटीच्या कचेरीत वायरलेस होता. तो सांभाळणाऱ्या सुभद्रामावशी पंख्याखाली डोळे मिटून बसल्या होत्या. हिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता त्यांनी मायक्रोफोन पुढे केला.

“बाबा! ओमकार खंय आसा?”

बराच वेळ नुसती खरखर. मग दत्तारामांचा आवाज, पाण्याखालून आल्यासारखा. “हयसरच आसा. जाळ्याकडे. काय झाला?”

“परत येवा.”

“आता? जाळा पाण्यात आसा गो.”

“जाळा सोडा. परत येवा, बाबा.”

“आवशीक बरा नाय काय?”

“आवस बरी आसा. बाबा, तुमी बोटीर किती जण आसात?”

खरखरही थांबली. सुभद्रामावशींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं भर लग्नात कुणी पांढरं नेसून आल्यावर पाहतात.

“तू मोजतंस काय गो?” दत्ताराम म्हणाले. इतक्या हळू बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग पलीकडून वायरलेस बंद झाला.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिने टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडला. खरी दुरुस्ती सोपी होती. घेणाऱ्याला सांगायचं, तीनच घे, चौथ्या जागी हात घालू नकोस. मग रकाना नाहीसा झाला असता. पण त्या जागेवर जे पडलं होतं ते पडलेलंच राहिलं असतं, फक्त तिला दिसलं नसतं.

दुसरा मार्ग एकच होता. ती जागा आपण भरायची.

तिने देणाऱ्या भागात एक ओळ वाढवली. चळतीवर सगळ्यात आधी, म्हणजे चौथ्या जागी, सात ठेव. जागा लहानशी होती, एक आकडा मावण्यापुरती. नवा प्रोग्राम हाकेच्या वेळी डबीपर्यंत पाठवता यायचा. सव्वादोनची हाक हुकली. तिने आपला कंपायलर चालवला, आणि या वेळी दोन्ही फाइली त्यातून काढल्या. 

अडीच. डबीने हाक मारली. सहा. प्रोग्राम गेला.

पंधरा मिनिटं. पंखा फिरत होता. बाहेर जेटीवर एक कुत्रं उन्हात झोपलं होतं, त्याचं पोटसुद्धा हलताना दिसत नव्हतं. सुभद्रामावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

पावणेतीन. सात.

दीपिका टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

बोट आली तेव्हा सूर्य पाण्याला टेकायचा होता. दीपिका जेटीच्या टोकाशी उभी होती. दोर फेकला गेला, फळी पडली, माणसं ओळीने उभी राहिली आणि माशांचे क्रेट हातोहात खाली येऊ लागले. बाबा फळीच्या वरच्या टोकाला. ते एक. त्यांच्या पुढे दोन, तीन. तिने उघड उघड, बोटाने दाखवून मोजलं. आता कळू दे दर्याला. चार, पाच, सहा.

सात.

 देवा, तुझे उपकार, म्हणाली. मग ती ओमकारला शोधू लागली.

त्याचा पिवळा टीशर्ट लांबूनच दिसला. ओळीत चौथा. क्रिकेटच्या टीमने छापून घेतलेला, पाठीवर त्याचं नाव. चिंब भिजलेला. ती धावतच गेली आणि त्याचा दंड धरून त्याला वळवलं.

तो माणूस तिने आयुष्यात कधी पाहिलेला नव्हता.

बावीस-तेवीसचा असेल. साधा चेहरा. बाजारात समोरून गेला असता तर लक्षातही राहिला नसता. टीशर्ट खांद्यांत जरा दाटत होता.

“ताय,” तो म्हणाला.

दीपिका मागे सरकली. फळीवरून दत्ताराम उतरत होते, त्यांचे डोळे लाल झाले होते. “तुका खंयसून कळला गो?” त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. “अडीचाक पाण्यात पडलो. जाळ्यात पाय अडाकलो तेचो. बोट फिरवली, बघतंव तर खंयच दिसना. मी मनात म्हटलंय, गेलो माजो झील. आणि पावणेतीनाक दोरयेक धरून आपणच वर इलो. आपणच!”

“बाबा, ओमकार खंय?”

“हो काय समोर! अशी काय करतंस?”

बाकीचे पाच जण हसले. एकाने त्या माणसाच्या पाठीत थाप मारली. “ओमकार, ताय वळखना नाय रे तुका. खारो होवन इलंस.”

दीपिकाने मोबाइल काढला. चतुर्थीचे फोटो. गणपतीपुढे ती उभी, आणि तिच्या खांद्यावर हात टाकून हा माणूस. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन हा माणूस. ती मागे मागे जात राहिली. शेवटचा, जुना, कागदावरून काढलेला फोटो: तेरा वर्षांची दीपिका, कडेवर मूल. त्या मुलाने तोंड तिच्या खांद्यात लपवलं होतं.

ओमकारची हनुवटी तिने आठवून पाहिली. आठवली. हसताना मिटणारे डोळे आठवले. ते आता तिच्याखेरीज कुणाजवळही नव्हते.

तिने आकडा दिला होता. नाव दिलं नव्हतं.

“घरी घेवन जा तेका,” दत्ताराम म्हणाले. “आवस वाट बघता आसतली. मी मासे देवन येतंय.”

तो स्कूटरवर मागे बसला. वजन ओमकारइतकंच होतं. पाठीला त्याच्या भिजल्या कपड्यांचा गारवा लागत होता. देवगडचा बाजार मागे पडला, दुकानांचे दिवे लागत होते. जामसंड्याच्या वळणावर रस्ता फुटतो तिथे दीपिकाने स्कूटर थांबवली. इंजिन बंद केलं.

“खंयच्या वाटेन जाऊया?” तिने पुढे बघतच विचारलं.

त्याने एकदा या वाटेकडे पाहिलं, एकदा त्या.

“तू न्हेशीत थंय,” तो म्हणाला. आवाजात आर्जव होतं.

घराच्या पायऱ्यांवर आई उभी होती, सुभद्रामावशींनी फोन केला होता. सत्यवतीबाईंनी त्याचं डोकं छातीशी धरलं, पदराने त्याचे केस पुसले, मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. तो मान खाली घालून उभा राहिला. दीपिका माडीवर गेली आणि लॅपटॉपसमोर बसली. ती ओळ समोरच होती. चौथ्या जागी सात ठेव. पुसता आली असती. सहा करता आलं असतं. पण उद्या पहाटे त्या बोटीवर पुन्हा बाबा चढणार होते, आणखी पाच बायकापोरांची माणसं चढणार होती. सहा केलं तर त्यांतला कोण कमी होईल, हे तिला कोण सांगणार? तिने लॅपटॉप मिटला आणि ओमकारसाठी रडली. आवाज न करता, कारण खाली घरात आनंद होता.

जेवायला चौघं बसली. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. बाबा पुन्हा पुन्हा तीच हकिकत सांगत होते आणि आई पुन्हा पुन्हा ऐकत होती. तो मात्र सावकाश, मन लावून, ताटावर वाकून जेवत राहिला.

ताटं उचलायला आई वाकली आणि क्षणभर थांबली. बाबांच्या ताटाच्या कडेला काट्यांचा ढीग होता, दीपिकाच्या ताटात बांगडा तसाच होता. त्याचं ताट लख्ख होतं. डोकं नाही, मणका नाही, शेपटी नाही.

सत्यवतीबाई हसल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी मनगटाने पुसलं.

“बघ गो दीपिका, किती भूक लागली होती पोराक,” त्या म्हणाल्या. “आज काटोसुदी ठेवूक नाय.”